वेताळ टेकडीच्या नोंदी कंटेनरमधून संकेतस्थळावर आणताना

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरील झाडाझुडपांच्या नोंदी मी बऱ्याच वर्षांपासून ठेवत आले आहे. गणेरीची पिवळी फुले यंदा लवकर आली की उशिरा, गिरिपुष्पाची लागवड कुठवर पसरली आहे, पहिल्या पावसानंतर जमिनीतून आधी कोण डोके वर काढते, अशा त्या साध्या नोंदी आहेत. ३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, या नोंदींचे स्वतंत्र संकेतस्थळ सुरू झाले. ते ह्यूगो या साधनाने तयार होते, डॉकरच्या कंटेनरमध्ये (तो म्हणजे काय, ते पुढे सांगते) बांधले जाते आणि भाड्याने घेतलेल्या एका लहानशा सर्व्हरवरून वाचकांपर्यंत पोहोचते. मी व्यवसायाने ग्रंथपाल आहे आणि माझे संगणकशास्त्राचे कोणतेही औपचारिक शिक्षण झालेले नाही. या कामाला हात घालताना मराठीतून लिहिलेले एखादे सलग वर्णन हाताशी असते तर पुष्कळ धीर आला असता, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

आधी या नोंदी एका फुकट सेवेवर होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये ती सेवा बंद होत असल्याची सूचना आली. मजकूर उतरवून घेण्याची सोय त्यांनी दिली होती, मात्र उतरवलेल्या फाइलीत छायाचित्रे नव्हती, त्यांचे फक्त दुवे होते आणि तेही सेवेबरोबरच मावळणार होते. त्याच सुमारास टेकडीवर नेहमी भेटणाऱ्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांनी आपल्या जुन्या वह्या मला पाहायला दिल्या. त्यांतल्या कित्येक पानांवर आता तिथे न दिसणाऱ्या झाडांची नावे आहेत. वह्या देताना त्यांनी विचारले, "ताई, तुमच्या नंतर तुमचं हे सगळं कोण चालवणार?" हा प्रश्न मी फार मनावर घेतला. केवळ नवी जागा शोधून भागणार नव्हते. माझा संगणक, माझी स्मरणशक्ती किंवा एखाद्या कंपनीची मर्जी यांपैकी कशावरही अवलंबून न राहता दुसऱ्या कुणालाही तेच संकेतस्थळ पुन्हा उभे करता यावे, अशी व्यवस्था मला हवी होती. पुढचे बहुतेक निर्णय याच एका अटीवर घेतले.

स्थिर संकेतस्थळ म्हणजे काय, हे आधी सांगते. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत वाचक पान मागतो तेव्हा सर्व्हर डेटाबेसमधून मजकूर काढून ते पान सहसा त्या क्षणी तयार करतो. स्थिर पद्धतीत सगळी पाने आधीच तयार असतात आणि सर्व्हर ती नुसती हातात देतो, छापून ठेवलेले पुस्तक द्यावे तशी. डेटाबेस नसल्यामुळे फोडण्यासारखे फार काही उरत नाही आणि अगदी किरकोळ ताकदीच्या यंत्रावरही काम चालते. लेखन मार्कडाऊन या साध्या मजकुरात राहते, त्यामुळे उद्या ह्यूगो नाहीसा झाला तरी नोंदी कोणत्याही संपादकात वाचता येतील. २००८ मधला जेकिल आणि २०१३ मधला ह्यूगो हे दोन पर्याय मी पाहिले. जेकिल रूबी भाषेतला असून त्याच्याबरोबर बरीच जोडसाधने सांभाळावी लागतात. गो भाषेतला ह्यूगो एकाच फाइलीत मावतो आणि शेकडो पाने काही क्षणांत बांधतो, म्हणून तो निवडला.

मग कंटेनर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तुम्हाला फक्त लेख लिहायचे असतील तर गिटहब पेजेससारखी फुकट सोय पुरेशी आहे, आणि पहिल्यांदाच हे करणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. तिथे प्रकाशित संकेतस्थळाला एक जीबीची मर्यादा आहे आणि माझी छायाचित्रे आज ना उद्या ती ओलांडणार होती. पण खरे कारण वेगळे होते. ह्यूगोच्या आवृत्त्या भराभर बदलतात आणि एका आवृत्तीवर नीट चालणारी थीम, म्हणजे पानांची तयार सजावट, दोन वर्षांनी नव्या आवृत्तीवर अडखळते. कंटेनर वापरला की कोणती आवृत्ती, कोणती साधने आणि कोणत्या क्रमाने, हे सारे डॉकरफाइल नावाच्या एका छोट्या फाइलीत लिहून ठेवता येते. कंटेनर म्हणजे स्वतंत्र संगणक नव्हे. लिनक्सच्या गाभ्यातील नेमस्पेस आणि सीग्रुप या सोयींनी एका प्रक्रियेभोवती आखलेले ते कुंपण असते. या सोयी डॉकरच्या आधीपासून होत्या. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने त्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आणल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घरच्या विंडोज लॅपटॉपवर कामाला लागले. डॉकर डेस्कटॉप वैयक्तिक वापरासाठी फुकट आहे, मोठ्या कंपन्यांना मात्र त्याचे शुल्क पडते. त्यामुळे ऑफिसच्या संगणकावर ते घालण्यापूर्वी तिथल्या माहिती-तंत्रज्ञान विभागाला विचारून घ्यावे. विंडोजवर त्याला सहसा डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय, लागते आणि त्यासाठी संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू असावे लागते. ते सुरू आहे की नाही, हे टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या भागात सीपीयूच्या आलेखाखाली लिहिलेले असते. तेवढे आधी पाहिले तर पुढची बरीच शोधाशोध वाचते.

सुरुवातीच्या त्या दिवसांत दोन गोष्टींनी मला पुरते अडवले, आणि दोन्हींत पडद्यावर त्रुटीचा एकही संदेश नव्हता. कंटेनरच्या आत ह्यूगोचा सराव-सर्व्हर सुरू केला, टर्मिनलवर सर्व ठीक असल्याचे दिसत होते, पण ब्राउझरमध्ये १३१३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या दारावर, काहीच उघडेना. कारण असे की ह्यूगो स्वभावतः फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकतो, आणि कंटेनरच्या आतला तो पत्ता म्हणजे खुद्द कंटेनर, माझा लॅपटॉप नव्हे. बाइंड या पर्यायाला ०.०.०.० हा पत्ता दिला आणि पोर्ट बाहेर काढला की पान दिसते. दुसरी अडचण अशी की मजकूर बदलून जतन केला तरी पान आपोआप ताजे होईना. लेखांचा फोल्डर विंडोजच्या सी ड्राइव्हवर होता आणि तिथल्या बदलांची वर्दी लिनक्सच्या बाजूला पोहोचत नाही. सगळा फोल्डर डब्ल्यूएसएलमधल्या उबुंटू या लिनक्सच्या होम फोल्डरात हलवला तेव्हा बदल लगेच दिसू लागले आणि बांधणीचा वेगही वाढला.

यानंतर मी मराठीच्या प्रश्नांकडे वळले आणि त्यांत अपेक्षेपेक्षा जास्त रमले. ल आणि श या अक्षरांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, हे आपण शाळेत गिरवलेलेच असते. नोटो सान्स देवनागरी या खुल्या परवान्याच्या टंकात दोन्ही वळणे आहेत, परंतु पानाची भाषा मराठी असल्याचे ब्राउझरला सांगितल्याखेरीज तो मराठी वळण वापरत नाही. मी घेतलेल्या थीमने प्रत्येक पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदवून ठेवली होती. ह्यूगोच्या मांडणी-फाइलीत भाषेचा संकेत 'एमआर' केला, थीमच्या साच्यातील भाषेची ओळ त्याच्याशी जोडली, आणि 'पळस', 'शिरीष', 'सालई' हे शब्द पडद्यावर एकदम आपले वाटू लागले. बदल एका ओळीचा आहे. मराठीतून संकेतस्थळ करणाऱ्या प्रत्येकाने तो करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. टंकाची फाइलही मी बाहेरून न मागवता संकेतस्थळाबरोबरच ठेवली, म्हणजे आणखी एका परक्या सेवेवरची भिस्त कमी झाली.

दुव्यांचेही तसेच आहे. ह्यूगो एरवी नोंदीच्या फाइलीच्या नावावरून पत्ता बनवतो. ते नाव देवनागरीत असेल तर पत्ताही देवनागरीत होतो आणि तो ब्राउझरच्या पट्टीत छान दिसतो. पण तोच दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला तीन अक्षरे लागतात. 'गणेर' या शब्दात मात्रेसह चार चिन्हे आहेत, म्हणजे पत्त्यात छत्तीस अक्षरे. सरांना मी पाठवलेला दुवा मधेच तुटून पोहोचला, तेव्हापासून प्रत्येक नोंदीच्या वरच्या भागात, ज्याला फ्रंट मॅटर म्हणतात, तिथे रोमन लिपीतील एक छोटे नाव पत्त्यासाठी लिहून ठेवते. शीर्षक अर्थातच मराठीत राहते.

फ्रंट मॅटरमधील तारखेबाबतही एक सूचना करते. भविष्यातील तारखेची नोंद ह्यूगो आपण होऊन प्रकाशित करत नाही. तारीख व वेळ लिहून पुढे वेळक्षेत्र दिले नाही आणि मांडणी-फाइलीतही ते सांगितलेले नसले, तर तो ती वेळ जागतिक प्रमाणवेळ समजतो. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे सकाळी सातची म्हणून लिहिलेली नोंद दुपारी साडेबारापर्यंत भविष्यातलीच ठरते, आणि त्याआधी कितीही वेळा बांधणी केली तरी ती पानावर येत नाही. वेळेच्या शेवटी अधिक ०५:३० लिहिले की प्रश्न मिटतो.

छायाचित्रांवर मी सर्वांत जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात एक्झिफ नावाची माहिती दडलेली असते. स्थाननोंद सुरू असेल तर अक्षांश-रेखांशही त्यात येतात. कंदीलपुष्पासारख्या वनस्पतींचे कंद खणून नेले जातात, जमिनीवरच्या ऑर्किडांनाही संग्राहकांपासून धोका असतो. त्यांच्या नेमक्या जागेचा पत्ता मी जगाला देणे म्हणजे त्यांचे उच्चाटन हाताने ओढवून घेणे. ह्यूगो छायाचित्राचा आकार लहान करतो तेव्हा नव्या प्रतीत ही माहिती उरत नाही, ही दिलासा देणारी बाब आहे. परंतु छायाचित्र नोंदीच्याच फोल्डरात ठेवले असेल तर मूळ फाइलही, तिच्यातील स्थानासह, सरसकट प्रकाशित होते. पानावर ती दिसत नाही, पण पत्ता ठाऊक असणाऱ्याला मिळते. म्हणून सगळी मूळ छायाचित्रे मी अ‍ॅसेट्स या फोल्डरात ठेवते. तिथली जी फाइल साच्यातून प्रत्यक्ष मागितली जाते तेवढीच बाहेर जाते. साच्यात मी फक्त बाराशे पिक्सेल रुंदीची, वेबपी स्वरूपातली प्रत मागते, आणि मोबाइलमधील कित्येक एमबींचे छायाचित्र त्यामुळे दोनतीनशे केबीवर येते. मी हे केले तेव्हा वेबपीसाठी ह्यूगोची विस्तारित आवृत्ती लागत होती. आणखी एक गोष्ट: छायाचित्र उभे आहे की आडवे, हेही एक्झिफमध्येच लिहिलेले असते, त्यामुळे माहिती पुसली गेल्यावर उभी छायाचित्रे आडवी पडतात. आकार बदलण्यापूर्वी ती सरळ करण्याची ऑटोओरिएंट नावाची सोय ह्यूगोत आहे. प्रकाशनापूर्वी तयार झालेल्या पब्लिक फोल्डरातील काही छायाचित्रे उघडून त्यांचे गुणधर्म स्वतः तपासावेत. मी अजूनही दर वेळी तपासते.

फेब्रुवारीत कागदपत्रांचे काम सुरू झाले. डोमेन देवनागरीतील डॉट भारत घ्यावे असे फार मनात होते. ही सोय २०१४ पासून उपलब्ध आहे आणि तिच्यात मराठीचाही समावेश आहे. पण असा पत्ता अनेक ठिकाणी एक्सएनने सुरू होणाऱ्या रोमन सांकेतिक रूपात दिसतो आणि काही अर्ज-नमुने तो स्वीकारतच नाहीत. त्यामुळे मुख्य पत्ता डॉट इन घेतला. नोंदणी करणाऱ्या कंपनीने ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागितला. अर्जात नाव आणि आडनाव एवढ्याच दोन चौकटी होत्या. माझ्या आधार कार्डावर मधले नाव आहे, ते अर्जात नसल्यामुळे अर्ज परत आला. शिवाय आधारवर गावचा पत्ता आणि अर्जात कोथरूडचा, हा फरकही त्यांनी दाखवला. नावाच्या चौकटीत मधल्या नावासह पूर्ण नाव भरले, नोंदणीकृत भाडेकराराची प्रत जोडली आणि पुन्हा पाठवले. मध्ये शनिवार-रविवार आल्याने मंजुरी पुढच्या आठवड्यात मिळाली. पहिल्या वर्षाचे शुल्क जीएसटी धरून साडेसातशे रुपयांच्या आत होते. नूतनीकरणाचा दर पहिल्या वर्षापेक्षा जास्त असतो आणि तो बारीक अक्षरात लिहिलेला असतो, तो आधी शोधून पाहावा. नाव भरताना कागदपत्रावरचे स्पेलिंग समोर ठेवून अक्षरनअक्षर जुळवावे.

सर्व्हर भाड्याने घेताना पैसे डॉलरमध्ये द्यायचे होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात आणि ते आपण होऊन सुरू करावे लागतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते सुरू केले, वरची मर्यादा मुद्दाम अगदी कमी ठेवली आणि मग कार्ड नोंदवले. पडताळणीसाठी एक डॉलर अडकवून ठेवला गेला, तो काही दिवसांनी परत आला. दरमहा आपोआप कपात होण्यासाठी ई-मँडेट नोंदवावे लागते. ते नोंदवल्यावर कपातीच्या किमान चोवीस तास आधी बँकेकडून संदेश येतो. तो संदेश आला नाही तर कपात अडणार असे समजावे आणि बिल हाताने भरावे. मुंबईतील केंद्रातला, एक जीबी स्मृतीचा सर्व्हर महिना पाच डॉलरला मिळाला. त्यावर अठरा टक्के जीएसटी आणि बँकेचा परकीय चलनाचा आकार धरून महिन्याला पाचशे ते साडेपाचशे रुपये पडतात. माझ्यासारखीला ही रक्कम वर्षाकाठी जाणवते, म्हणून ती इथे स्पष्ट लिहिली आहे.

मंजुरीची वाट पाहण्याच्या काळात डॉकरफाइल पक्की केली. तिचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात ह्यूगोची विस्तारित आवृत्ती असलेली इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो तयार नमुना, घेऊन संकेतस्थळ बांधले जाते. दुसऱ्यात अल्पाइन लिनक्सवरील एंजिनएक्स या वेब सर्व्हरची लहानशी इमेज घेऊन तिच्यात फक्त बांधून झालेला पब्लिक फोल्डर नकलला जातो. त्यामुळे मूळ छायाचित्रे, कच्चे मसुदे आणि खुद्द ह्यूगो, यांतले काहीही अंतिम इमेजमध्ये राहत नाही. अशी बहुटप्पी बांधणी डॉकरमध्ये २०१७ पासून करता येते. इमेजच्या नावापुढे 'लेटेस्ट' न लिहिता नेमका आवृत्ती क्रमांक लिहावा. 'लेटेस्ट' म्हणजे आज एक आणि वर्षभराने दुसरेच काही, आणि मग सगळा खटाटोप ज्यासाठी केला तेच हातातून निसटते. डॉकरइग्नोर फाइलीत गिट या, फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचा फोल्डर आणि जुना पब्लिक फोल्डर यांची नावे घालावीत, नाहीतर प्रत्येक बांधणीच्या वेळी तेही ओझे डॉकरकडे जाते.

सर्व्हर हाती आला मार्चच्या पहिल्या आठवड्यात. प्रवेशासाठी एसएसएच या, दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीची किल्ली ठेवली आणि संकेतशब्दाने शिरण्याची वाट बंद केली. पहिली बांधणी सर्व्हरवरच करून पाहिली तेव्हा ती मध्येच थांबली आणि शेवटी १३७ हा आकडा दिसला. स्मृती संपल्यामुळे लिनक्सने प्रक्रिया मारून टाकली की बहुधा हाच आकडा येतो. शेकडो छायाचित्रांचे आकार बदलणे हे एक जीबीच्या यंत्राचे काम नव्हे. म्हणून बांधणी लॅपटॉपवर करायची आणि तयार इमेज सर्व्हरवर पाठवायची असे ठरवले. डॉकर सेव्हने इमेजची फाइल करायची, ती एसएसएचवरून पाठवायची आणि तिकडे डॉकर लोडने उतरवायची, इतके ते सरळ आहे. पुढे हेच काम गिटहब अ‍ॅक्शन्स या स्वयंचलित सेवेकडे सोपवले. आता नवी नोंद गिटमध्ये पुश केली, म्हणजे गिटहबवर पाठवली, की इमेज तिथे बांधली जाते आणि सर्व्हर ती ओढून घेतो. गिटहबवरील खासगी कोठारासाठी, म्हणजे फाइलींच्या साठ्यासाठी, फुकट योजनेत महिन्याला दोन हजार मिनिटे मिळतात, माझा वापर त्याच्या आसपासही जात नाही.

सर्व्हरवर दोन कंटेनर आहेत आणि त्यांची जुळणी डॉकर कंपोजच्या फाइलीत लिहिलेली आहे. एक संकेतस्थळाचा, दुसरा कॅडी या वेब सर्व्हरचा. कॅडी पुढे उभा राहून लेट्स एन्क्रिप्टकडून सुरक्षा प्रमाणपत्र स्वतः आणतो आणि मुदत संपण्याआधी नवे करून घेतो. प्रमाणपत्र फुकट असते आणि त्याची मुदत नव्वद दिवसांची असते. इथे क्रम पाळणे फार महत्त्वाचे आहे. डोमेनची ए-नोंद, म्हणजे नावाला यंत्राचा पत्ता जोडणारी नोंद, सर्व्हरच्या पत्त्याकडे वळवायची, ती जगभर पोहोचल्याची डिग या आज्ञेने खात्री करायची, ८० आणि ४४३ ही पोर्ट उघडी असल्याचे पाहायचे आणि मगच कॅडी सुरू करायचा. घाई केली तर पडताळणी फसत राहते, आणि एका नावासाठी तासाला पाच फसलेल्या पडताळण्यांनंतर थांबावे लागते. माझ्या डोमेनची नोंद पसरायला एका संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत वेळ लागला. तेवढा वेळ हात बांधून बसणे जड जाते, तरी बसावे. कॅडीचा डेटा फोल्डर व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर गेला तरी टिकणाऱ्या जागेत, ठेवावा. तो नसेल तर कंटेनर नव्याने उभा केला की दर वेळी नवे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि त्याच नावासाठी आठवड्यात पाचच मिळतात.

अग्निभिंतीबद्दलही (फायरवॉल) सावध करते. उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या अग्निभिंतीने एखादे पोर्ट बंद केले असले तरी डॉकरने बाहेर काढलेले पोर्ट उघडेच राहते, कारण डॉकर आपले नियम थेट आयपीटेबल्स या लिनक्सच्या मूळ नियमावलीत लिहितो. म्हणून संकेतस्थळाच्या कंटेनरचे एकही पोर्ट बाहेर काढलेले नाही. तो फक्त कॅडीशी, आतल्या जाळ्यातून बोलतो. दोन्ही कंटेनरना 'अनलेस-स्टॉप्ड' ही पुन्हा सुरू होण्याची अट लावली आहे आणि सर्व्हर मुद्दाम बंद-चालू करून ते आपोआप उठतात हे पाहून घेतले. डॉकरच्या नोंदवह्या, म्हणजे लॉग, त्याच्या नेहमीच्या मांडणीत कमाल आकार न ठरवता वाढत राहतात. लहान डिस्क त्यानेच भरते, म्हणून कंपोज फाइलीत त्यांना मर्यादा घातली. जुन्या इमेज महिन्यातून एकदा काढून टाकते.

पाडव्याच्या सकाळी पहिली नोंद लावली ती गणेरीचीच. सरांना दुवा पाठवला, या वेळी तो अखंड पोहोचला, आणि त्यांनी फोन करून शेंगांच्या वर्णनातली एक दुरुस्ती सांगितली. दुरुस्ती लिहून पुश केली आणि आमचे बोलणे संपायच्या आत ती पानावर आली. मला त्या क्षणी अतिशय आनंद झाला.

तरीही सरांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले होते असे म्हणता येत नव्हते. ते मेमध्ये तपासले. नाशिकला राहणाऱ्या माझ्या भाचीला मी गिटच्या कोठाराचा प्रवेश दिला आणि तोंडी काहीही न सांगता, तिथल्या वाच-मला फाइलीवरून संकेतस्थळ उभे करून पाहायला सांगितले. तिने तासाभरात ते आपल्या लॅपटॉपवर उभे केले, पण सर्व्हरवर पाठवलेली इमेज तिथे चालेना. तिचा फोन आला, "मावशी, तुझ्या फाइलीत सगळं आहे, पण प्रोसेसर कुठला ते लिहिलेलंच नाहीस. माझा मॅक आर्मवाला आहे." तिच्या लॅपटॉपवर बांधलेली इमेज आर्म प्रोसेसरसाठी होती आणि सर्व्हर एएमडी६४ या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरचा. अशा वेळी 'एक्झेक फॉरमॅट एरर' एवढाच संदेश मिळतो. बांधताना प्लॅटफॉर्म या पर्यायात लिनक्स/एएमडी६४ लिहिले की झाले. ती ओळ आता बांधणीच्या आज्ञेत आणि वाच-मला फाइलीत, दोन्हीकडे आहे. जमलेच तर असा प्रयोग प्रत्येकाने करून घ्यावा, आणि शक्यतो ज्याच्याकडे आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचे यंत्र आहे अशा माणसाकडून.

तिच्याशी बोलताना आणखी एक त्रुटी लक्षात आली, जी कोणत्याही फाइलीत लिहून सुटत नाही. मजकूर, छायाचित्रे आणि डॉकरफाइल कुणालाही देता येतात. डोमेनचे खाते मात्र माझ्या नावावर, माझ्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर आणि माझ्या ई-मेलवर अडकलेले आहे. नूतनीकरण चुकले तर ठरावीक मुदतीनंतर ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो. म्हणून खात्याचा दुसरा संपर्क भाचीच्या नावाने नोंदवला, दुहेरी पडताळणीचे राखीव संकेत कागदावर छापून बंद पाकिटात घरच्या कपाटात ठेवले, आणि नूतनीकरणाची तारीख तिच्याही कॅलेंडरमध्ये घातली. मूळ छायाचित्रांची एक प्रत बाह्य डिस्कवर तिच्याकडे नाशिकला आहे. सरांच्या वह्यांची पाने आता स्कॅन होत आहेत. त्यांतल्या जागांच्या खुणा इतक्या नेमक्या आहेत की कोणत्या प्रकाशित करायच्या आणि कोणत्या झाकायच्या, हे सरांबरोबर बसून एकेक पानावर ठरवावे लागते आहे. पावसाळ्यापूर्वी त्यातील पहिली वही लावण्याचा आमचा विचार आहे.